आधी तक्रार, मग बाकीचं सगळं

गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या आईवडिलांनो, चाळ कमिट्यांनो, गणेशोत्सव मंडळांनो, शाळा-कॉलेजांच्या शिक्षकांनो, आणि मुलींनो, तुम्हालाही हे आवाहन आहे.

गॅदरिंगमधला, पाडव्याच्या शोभायात्रेतला किंवा ढोल-ताशा पथकातला मुलीचा साधा फोटो कुणीही उचलतो, मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये टाकतो आणि काही मिनिटांत तिचा चेहरा असलेलं नग्न चित्र तयार होतं. त्याला कसब लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. मुलीने आयुष्यात तसलं काही काढलेलं नसतं, कुणाला पाठवलेलं नसतं. तरी ते चित्र वर्गाच्या ग्रुपवर फिरतं आणि रात्री अकरा वाजता एखादी मैत्रीण मेसेज करते, ‘अगं, ही तूच ना?’

त्यानंतरचे काही तास फार मोलाचे असतात, आणि नेमके तेच आपण वाया घालवतो. मुलगी घाबरून चॅट पुसते, अकाउंट बंद करते आणि त्याबरोबर पुरावाही जातो. घरात कळलं तर पहिला सवाल तिलाच होतो: फोटो टाकलासच कशाला? तिचा मोबाइल काढून घेतात, क्लास बंद करतात. पोलिसांत नको, चाळीत बोभाटा होईल, उद्या लग्न जमवताना आड येईल, अशी कुजबुज रात्रभर चालते. तोवर चित्र कुठल्या कुठे पोचलेलं असतं. हात जोडून सांगते, हा क्रम उलटा करा. आधी तक्रार करा, बाकीचं सगळं मग.

तक्रारीने होतं काय, असं विचारणाऱ्यांना आपल्याच शहरातलं उदाहरण देते. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला लावले गेले. गुन्हा नोंदवला गेला, पण पुढचे सहा महिने कुणालाही अटक झाली नाही. मग जानेवारी २०२२ मध्ये त्याच धर्तीवर ‘बुल्ली बाई’ आलं. बायका नाव लावून, उघडपणे बोलल्या. मुंबई सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि काही दिवसांतच बंगळुरू आणि उत्तराखंडपर्यंत जाऊन संशयित पकडले. ‘सुल्ली डील्स’मधली अटकही त्यानंतरच झाली. त्या प्रकरणात बायकांचे फोटो उचलून वापरले होते, आज तशाच साध्या फोटोवरून बनावट नग्न चित्रही तयार होतं. मुंबईच्या पत्रकार राणा अय्यूब यांचा चेहरा लावलेली अश्लील चित्रफीत एप्रिल २०१८ मध्येच पसरवली गेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना त्यांच्या संरक्षणासाठी भारत सरकारला साद घालावी लागली. तेव्हा हे तंत्र थोड्यांच्या हातात होतं. जानेवारी २०२६ मध्ये ‘एक्स’वरच्या ‘ग्रोक’ या एआय चॅटबॉटला लोक उघडपणे सांगत होते, या बाईचे कपडे उतरव, आणि ते यंत्र उतरवत होतं. केंद्र सरकारने कंपनीला नोटीस धाडली तेव्हा कुठे हालचाल झाली.

२०२५ मध्ये आशा भोसले यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल त्यांच्या परवानगीशिवाय वापरता येणार नाही, असा अंतरिम दिलासा न्यायालयाने दिला. उत्तम झालं. पण आशाताईंच्या मागे नाव होतं, वकील होते. करी रोडच्या एखाद्या खोलीत राहणाऱ्या अकरावीतल्या मुलीच्या मागे कोण आहे? तुम्ही आहात, तुम्हीच असायला हवं.

आता कामाचं. काहीही पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्यात अकाउंटचं नाव, तारीख आणि वेळ दिसू द्या. पोस्टची लिंक वेगळी लिहून ठेवा, कारण नाव बदलून पळणारे पुष्कळ असतात. ‘बघा हो काय चाललंय’ म्हणूनसुद्धा ते चित्र कुणाला पाठवू नका. मुलगी अठराच्या आतली असेल तर असं चित्र बनवणं, जमवणं, पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या ॲपवर चित्र आहे तिथे ताबडतोब रिपोर्ट करा. नग्न किंवा बनावट केलेली चित्रं तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचं बंधन २०२१ च्या नियमांनीच कंपन्यांवर घातलं होतं, २०२६ मध्ये ती मुदत आणखी कमी झाली. सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिथे स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, आणि नाव न देताही तक्रार करता येते. मुंबई पोलिसांच्या प्रत्येक प्रादेशिक विभागाला स्वतःचं सायबर पोलीस ठाणं आहे. तरीही जवळच्या कुठल्याही ठाण्यात जा. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घेणं कायद्याने बंधनकारक आहे.

‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक मोफत सोयही आहे. चित्र तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते चित्र अडवतात. ही प्रौढांसाठी आहे. अठराच्या आतल्या मुलींसाठी ‘टेक इट डाउन’ आहे. कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका, दिले की मागणी वाढतेच. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी हप्त्यासाठी बायकांचे असेच फोटो बनवून नातेवाइकांना पाठवले, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे.

मुलग्यांच्या आईबापांशी मला वेगळं बोलायचं आहे. हे करणारा दरवेळी दूरच्या शहरातला कुणी भामटा नसतो. तो त्याच वर्गात, त्याच मजल्यावर असू शकतो, आणि त्याला ती ‘मस्ती’ वाटते. रात्री जेवताना त्याच्याशी सरळ बोला. ग्रुपवर असं काही आलं तर काय करशील, हे विचारा. त्याच्या उत्तरावरून तुम्हाला बरंच कळेल.

आणि प्रश्न चित्रांपुरताच नाही. नवं यंत्र आलं की बाईचं काय होतं, हे गिरणगावाला कुणी सांगायला नको. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात ज्याला पाठिंबा दिला, तो प्रसूती लाभाचा कायदा १९२९ मध्ये झाला. पण पुढे यंत्रं सुधारली तेव्हा कात्री आधी बायकांच्याच खात्यांवर चालली. आपल्या काळात ॲमेझॉनसारख्या कंपनीने नोकरभरतीसाठी प्रणाली बनवली आणि ती स्त्रियांचे अर्ज खाली ढकलायची, कारण तिला शिकवलेले जुने अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. ती गुंडाळावी लागली, हे २०१८ मध्ये जगाला कळलं. त्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी दाखवलं की चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत चुकत होत्या, आणि गोऱ्या पुरुषांबाबत एक टक्काही नाही. उद्या तुमची बँक, तुमचं हॉस्पिटल, मुलीचं कॉलेज असं यंत्र आणेल. तेव्हा लेखी विचारा: हे आमच्याकडच्या बायकांवर तपासून पाहिलंय का? निर्णय चुकला तर दाद कुणाकडे मागायची?

महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या बायकांचं हे शहर आहे. तेव्हा मंडळांना, कमिट्यांना आणि शाळांना माझी मागणी अशी: येत्या बैठकीत दोन माणसं नेमा, त्यांतली एक बाई हवीच. कुठल्याही मुलीला रात्री-अपरात्री फोन करता येईल अशी ती असावीत, आणि तिच्यासोबत ठाण्यात जाण्याची त्यांची तयारी हवी. मुलींचे फोटो मंडळाच्या पेजवर टाकण्याआधी त्यांना विचारा. आरतीच्या वेळा लावता त्याच फलकावर त्या दोघांची नावं आणि हे नंबर मोठ्या अक्षरांत लावा: तातडीच्या मदतीसाठी ११२, मुंबई पोलिसांची महिला हेल्पलाइन १०३, मुलांसाठी १०९८, पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३०.