रोषणाई करा, पण अ‍ॅडाप्टरवरचे आकडे वाचून

१४ एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून रोषणाईची लगबग सुरू होते. पूर्वी रंगीत बल्बांच्या माळा असत; आता एलईडीच्या पट्ट्या आल्या आहेत. त्या स्वस्त आहेत, वीजही कमी खातात. परंतु बंधू-भगिनींनो, ‘दिवा लहान म्हणजे धोका नाही’ हा समज मनातून काढून टाकला पाहिजे. दिव्याला वीज कशातून मिळते, यावर सारे अवलंबून असते.

जुनी माळच पाहा. तिच्यातला एकेक बल्ब ६ व्होल्टचा. असे अडतीस-चाळीस बल्ब एकामागे एक जोडून घरातला २३० व्होल्टचा दाब त्यांच्यात वाटलेला असतो. पण एक बल्ब निघाला आणि मुलाने त्या रिकाम्या खोबणीत बोट घातले, तर झटका ६ चा नव्हे, २३० व्होल्टचा बसू शकतो.

एलईडी पट्टीच्याही दोन जाती आहेत. एक थेट २३० व्होल्टवर चालते, दुसरी १२ व्होल्टवर. दिसायला दोन्ही सारख्याच. मुलांचा हात पोहोचेल तेथे १२ व्होल्टचीच लावावी. तिचा चांगला अ‍ॅडाप्टर दाब तर कमी करतोच, शिवाय घरातली वीज पट्टीपासून अलग ठेवतो.

अ‍ॅडाप्टर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, व्होल्ट पट्टीइतकेच हवेत. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरवर पट्टी जळेल, मोबाईलच्या ५ व्होल्टवर पेटणार नाही. दुसरी, त्यावर ‘डीसी’ लिहिलेले हवे. तिसरी, अँपिअर पुरेसे हवेत. हिशेब सोपा आहे. पट्टी दर मीटरला ४.८ वॅटची असेल, तर ५ मीटरला २४ वॅट झाले. २४ ला १२ ने भागले की २ अँपिअर. अशा वेळी ३ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर घ्यावा. अँपिअर जास्त असल्याने पट्टी जळत नाही. ती हवी तेवढीच वीज ओढते. कमी असले तर मात्र अ‍ॅडाप्टर तापतो, बंद पडतो, कधी पेटही घेतो.

अधिक-उणे टोके उलटी जोडली तर पट्टी पेटत नाही. पट्टीला पट्टी जोडत गेल्यास शेवटचे दिवे मंद होतात. म्हणून दर ५ मीटरला अ‍ॅडाप्टरपासून वेगळी वायर आणावी. अ‍ॅडाप्टर कोरड्या, मोकळ्या जागी ठेवावा. कागद, कापड किंवा थर्माकोलमागे दडवू नये. मंडपात व उघड्यावर जोडणीचे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनी खरेदीच्या यादीत ‘लाइटिंग’ एवढेच न लिहिता व्होल्ट आणि अँपिअरही लिहावेत. चार पैसे वाचवण्यासाठी लेकरांचा जीव धोक्यात घालू नये.