जुन्यावर नवें, कीं नवेंच?

सन २०२५ च्या दिवाळींत आमच्या सूनबाईनें विचारलें, "मामंजी, संगणकावरचें ऑफिस जुनें झालें म्हणतात. आहे त्यालाच सुधारून घ्यावें, कीं सगळें नवें विकत घ्यावें?" घरचा जमाखर्च आणि शिकवणीच्या मुलांचे गुण ती त्यांतच मांडून ठेवते. प्रश्न साधा होता. पण मला चटकन् उत्तर देववेना. कारण ह्याच प्रश्नाचें चुकीचें उत्तर मीं एकदां दिलेलें आहे, आणि त्याचा दंडही भरला आहे.

सन २००८ मध्यें मायक्रोसॉफ्टचें ऑफिस दोन रूपांत मिळे: एक संपूर्ण, दुसरें सुधारणा-प्रत. दुसरें स्वस्त, परंतु ज्याच्यापाशीं पूर्वीची आवृत्ति असेल त्याच्याचसाठीं. मास्तरकी करणारा मनुष्य स्वस्ताकडेच वळावयाचा! मीं सुधारणा-प्रत आणली, आणि जुनी तबकडी आतां कशाला हवी म्हणून ती रद्दीबरोबर देऊन टाकली. पांच वर्षांनीं संगणक निकामी झाला. नव्यावर तीच प्रत बसवूं गेलों, तों ती पूर्वीच्या आवृत्तीचा पुरावा मागूं लागली. पाया विकून माडी बांधणाऱ्याची जी गत, ती माझी झाली.

पैशांचें दुःख चार दिवसांचें. खरें दुःख पुढेंच होतें. आमच्या तीर्थरूपांनीं अखेरच्या वर्षांत आमच्या घराण्याचा वृत्तांत आणि कुळाचार मला सांगितला होता, व तो मीं संगणकावर टिपून ठेविला होता. आतां ती टिपणें उघडलीं तर नुसतीं इंग्रजी अक्षरांचीं कडबोळीं! त्या काळीं पुष्कळ मराठी टंकांची युक्ति अशी असे कीं, आंत सांठवावयाचें इंग्रजी अक्षर, आणि त्याला वरून देवनागरीचें रूप चढवावयाचें. तो टंक जुन्या यंत्राबरोबर गेला, आणि रूपही गेलें. युनिकोडमध्यें प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा अंक असतो. तेथें ही आपत्ति येत नाहीं. पुढें पुण्यास भाच्याकडे तो टंक सांपडला, मजकूर युनिकोडमध्यें उतरविला, व मोडलेलीं जोडाक्षरें मीं दोन महिने बसून दुरुस्त केलीं. तरी शेवटचीं दोन पानें बिघडलीं तीं बिघडलींच. त्यांत काय होतें, हें सांगणारें आतां घरांत कोणी उरलें नाहीं.

पैठणांत राहणाऱ्याला तरी हा धडा दुसऱ्यानें शिकवावयास नको होता. नाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे सन १५८४ त, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथास तोंवर सुमारें तीनशें वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि पाठांत अपपाठ शिरले होते. त्याच नाथांनीं भागवताच्या एकादश स्कंधावर स्वतंत्र टीकाही लिहिली, व ती सन १५७३ मध्यें काशीस पुरी केली. म्हणजे जुन्याचें शोधन आणि नवी रचना, दोन्ही त्यांनीं केलीं. ज्या कामाला जें उचित तें. पण शोधनाला आधीं जुन्या प्रती हातीं लागतात. ज्यानें जुनें फेंकून दिलें, त्यानें शोधन कशाचें करावें?

आतां आजची स्थिति पाहूं. ती स्वस्त सुधारणा-प्रत कंपनीनें ऑफिस २०१० पासून बंदच केली. सध्यां दोन वाटा आहेत. एक वार्षिक वर्गणीची: ती भरीत राहिलें कीं नवी आवृत्ति आपोआप येते, भरणें थांबलें कीं कांहीं काळानें लेख वाचतां येतात, पण त्यांत बदल करतां येत नाहीं. दुसरी एकरकमी खरेदीची: ऑफिस २०२४ एका संगणकापुरतें कायमचें आपलें, मात्र पुढली मोठी आवृत्ति हवी झाल्यास पुन्हां पूर्ण किंमत. सूनबाईचें ऑफिस २०१६ चें. तें बंद पडलें नव्हतें; पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या. शिवाय तिसरी वाट आहे: सन २०१० मध्यें निघालेलें लिब्रेऑफिस विनामूल्य मिळतें, आणि त्याच्या मूळ लेखस्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता आहे.

मीं सूनबाईला तीनच गोष्टी विचारल्या. काम किती यंत्रांवर चालतें? दुसऱ्यांशीं लेखांची देवघेव किती? आणि दहा वर्षांनीं हे कागद कोणाला लागतील? चार यंत्रें व रोजची देवघेव असेल, तर वर्गणी परवडते. एकच यंत्र व ठरावीक काम असेल, तर एकरकमी खरेदी बरी. सूनबाई म्हणाली, "माझें यंत्र एक, आणि देवघेव फारशी नाहीं. मग आधीं फुकटचेंच महिनाभर वापरून पाहतें."

महिना गेला. दोन तक्त्यांची मांडणी थोडी हलली, ती तिनें नीट केली. बाकी सर्व सुरळीत चाललें. वांचलेल्या पैशांतून तिनें सांठवणीची एक बाहेरची पेटी आणली आणि जुने सगळे लेख तिच्यांत उतरवून ठेविले. तीर्थरूपांचा वृत्तांत मात्र तिनें कागदावरही छापून घेतला, आणि शेवटीं दोन पानें कोरीं सोडलीं. मीं कारण विचारलें, तेव्हां म्हणाली, "तुम्हांला आठवेल तेवढें तुम्हीच लिहा ना."

सध्यां रोज सकाळीं मी तेंच करीत असतों.