निठारीचा धडा आणि श्रमिक पुरुषांची जबाबदारी

डिसेंबर २००६ मध्ये नोएडाच्या निठारी येथे एका बंगल्यामागील नाल्यात मानवी अवशेष सापडले आणि सारा देश हादरला. बळी गेलेली बहुतेक मुले पोटासाठी परप्रांतातून आलेल्या श्रमिकांची होती. त्यांत मुलींची संख्या मोठी होती. मुले बेपत्ता झाल्याच्या पालकांच्या तक्रारींना पोलिसांनी दाद दिली नव्हती. ‘फाशी द्या’ अशी मागणी सर्वत्र झाली. बलात्कार व खुनाच्या आरोपांवरून फाशीच्या शिक्षाही सुनावल्या गेल्या. परंतु तपासावर कठोर ताशेरे ओढून अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आरोपींना निर्दोष ठरविले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखेरची शिक्षाही रद्द केली.

फाशीची घोषणा सोपी असते. नराधम कोणी दुसराच, असे मानून पुरुषाला तिच्या आडून स्वतःची सुटका करून घेता येते.

लाल बावट्याचा इतिहास वेगळा आहे. ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्याच्या बायकोवरही जमीनदार हक्क सांगत असे. १९४५ मध्ये कॉ. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली स्त्रीपुरुष किसान सभेत संघटित झाले. त्यांनी वेठबिगारी मोडली, तिच्याबरोबर जमीनदाराचा तो ‘हक्क’ही मोडला.

वारल्यांसमोर उघड वर्गशत्रू होता. नोएडाच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत अत्याचारी हा सुपरवायझर किंवा ठेकेदार असू शकतो. तसाच तो शेजारच्या यंत्रावरचा कामगार किंवा युनियनचा सभासदही असू शकतो. अशा वेळी ‘एकजूट फुटेल’ म्हणून तक्रार दडपली जाते. वस्तुतः एकजूट अत्याचारानेच फुटलेली असते. जी कामगार स्त्री सहकाऱ्याला भिते, ती त्याच्याबरोबर संपावर कशी उतरेल?

२०१३ च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. लहान आस्थापनांतील कामगार व घरकामगार स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. या समित्या कागदावर राहू नयेत, ही मागणी वेतनवाढीच्या मागणीपत्रातच असली पाहिजे, आणि ती पुरुष कामगारांनी मांडली पाहिजे. वस्तीतील मुलग्यांशी, तरुणांशी या विषयावर बोलणे हे शाखेचे राजकीय कार्य आहे. ते केवळ महिला आघाडीवर सोपविणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय.

सभेत समतेवर बोलणारा कॉम्रेड घरी व कारखान्यात कसा वागतो, याचा जाब शाखेने विचारलाच पाहिजे.