जाळू नका, कुजू द्या

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली, की गडचांदुरात सकाळी अंगणाअंगणांतून धूर निघू लागतो. झाडलोट करायची, पाला कोपऱ्यात लोटायचा, त्यातच चहापत्तीचा चोथा, सांबाराच्या काड्या, दुधाची रिकामी पिशवी टाकायची आणि काडी लावायची. दहा मिनिटांत अंगण स्वच्छ! या स्वच्छतेचा हिशेब आमच्या बाह्यरुग्ण विभागात होतो. दम्याची मुले, चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आजीबाई, सिमेंट आणि कोळशाच्या धुळीत काम केलेले कामगार यांची छाती आधीच नाजूक असते. ओलसर पाला धुमसतो तेव्हा निघणारे सूक्ष्म कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. त्यात प्लास्टिक असेल, तर डायॉक्सिनसारखी विषेही तयार होऊ शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ सालीच चंद्रपूरचा समावेश देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केला होता. कारखान्यांच्या धुराड्यांविषयी आपण बोलतो, बोललेच पाहिजे. पण अंगणातल्या धुरासाठी कुणाकडे निवेदन घेऊन जाण्याची गरज नाही.

जाळायचे नाही म्हणून कोपऱ्यावर नेऊन फेकायचे, हाही उपाय नव्हे. उष्ट्या अन्नावर कुत्री आणि डुकरे पोसली जातात. कुत्री वाढली की श्वानदंशाचे रुग्ण वाढतात, आणि आपल्या जंगलपट्ट्यात कुत्र्यांच्या मागावर बिबट्याही वस्तीत येतो. टाकलेले चहाचे कप आणि नारळाच्या करवंट्या यांत पावसाचे पाणी साचले, की आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार!

खरे तर कुजवण्याची विद्या विदर्भाला कुणी शिकवायला नको. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी, म्हणजे आपल्या नाडेप काकांनी, शेणाचा तुटवडा पाहून खताची नवी पद्धत बसवली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके. त्यात काडीकचरा, माती आणि अगदी थोडे शेण. शंभरेक किलो शेणात चौदाशे किलोंच्या आसपास काडीकचरा तीन-चार महिन्यांत खत होतो. भिंतीतली भोके म्हणजे या पद्धतीचा प्राण. हवा खेळली तरच कचरा कुजतो, नाहीतर सडतो.

घरात तेच तत्त्व बादलीत चालते. बादलीला भोके पाडा, तळाशी पऱ्हाट्यांचे किंवा तुराट्यांचे तुकडे घाला. एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या वाळलेला पाला, वर मूठभर जुने खत. सागाची पाने चुरूनच घाला, अख्खी महिनोन्‌महिने तशीच राहतात. मिश्रण पिळलेल्या फडक्याइतके ओले हवे. वास सुटला तर पाला कमी पडला, असे समजा. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र ते कोरडे ठणठणीत होते, तेव्हा बादली सावलीत ठेवून पाणी शिंपडावे लागते.

डॉक्टर म्हणून काही गोष्टींबाबत मी कडक आहे. मोठा ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापतो आणि रोगजंतू मरतात. बादली तेवढी तापत नाही. म्हणून मांस-मासे, कुत्र्या-मांजरांची विष्ठा, डायपर, सॅनिटरी पॅड यांपैकी काहीही त्यात नको. इन्शुलिनच्या सुया तर मुळीच नकोत. त्या जाड डब्यात बंद करून वेगळ्या द्या. शेगडीतली दगडी कोळशाची राखही नको, कारण तिच्यात शिसे, आर्सेनिक असे जड धातू असतात. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला आणि धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या. बादलीला झाकण हवे, म्हणजे उंदीर येत नाहीत आणि उंदरामागून साप येत नाही.

आता ‘विघटनशील’ पिशव्यांविषयी. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली आणि बाजारात हिरव्या पानाचे चित्र छापलेल्या पिशव्या दिसू लागल्या. त्यांतल्या काहींचे नुसते बारीक तुकडे होतात. ज्या खरोखर कुजतात, त्यांनाही बहुधा कारखान्यातल्या खतप्रकल्पाचे तापमान लागते, म्हणजे ५८ अंशांच्या आसपास. घरच्या बादलीत त्या तशाच पडून राहतात. घ्यायचीच असेल तर आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक पाहून घ्या. मी तर म्हणेन, कापडी पिशवी बरी. आणि ताटांसाठी पळसाची पत्रावळ आपल्या जंगलातच आहे, तीही बायांच्या हाताला काम देणारी. मात्र हल्ली पत्रावळीला आणि द्रोणाला आतून चकचकीत पापुद्रा चिकटवलेला असतो. नखाने खरवडून पाहा. पापुद्रा सुटून आला तर ते प्लास्टिक आहे.

गडचांदूरला एक सोय आहे, जी फार थोड्या गावांना आहे. सिमेंटच्या भट्टीत १,४०० अंशांच्या वर तापमान असते आणि पुनर्वापर न होणारे सुके प्लास्टिक तिथे इंधन म्हणून वापरता येते. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही तशी वाट ठेवली होती. अट एकच, ते कोरडे हवे. वरणभाताने लडबडलेली पिशवी कोणतीही भट्टी आनंदाने घेणार नाही. म्हणजे ओला कचरा घरात जिरला, तरच सुक्याला पुढचा रस्ता मिळतो.

नगर परिषदेने एवढे करावे: रस्त्यावरचा पाला जाळू न देता पोत्यांत भरून वॉर्डावॉर्डांत ठेवावा. बादलीत घालायला पाला कुठून आणायचा, असे विचारणाऱ्या घरांना तो तिथून नेता येईल.