चाळीसगावचा बिनकठड्याचा पूल

२३ ऑक्टोबर १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. काम आटोपून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची माहिती त्यांना घ्यायची होती. ती घेऊन ते पुन्हा चाळीसगावला आले. महारवाड्यातील मंडळी स्टेशनवर वाट पाहत होती. आज मुक्काम आमच्याकडेच, असा त्यांचा आग्रह होता. वस्ती तशी चालत जाण्याच्या अंतरावर. पण एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी कसे न्यायचे? टांगा ठरवायला गेले, तर एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला आला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम हाती धरला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती.

स्टेशनपासून थोड्याच अंतरावर टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरचा पूल आला. त्या पुलाला कठडे नव्हते, काही काही फुटांवर नुसते दगड रोवलेले होते. वळणावर घोडा उधळला, चाक पहिल्याच दगडाला धडकले आणि बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. बाबासाहेबांचा पाय मोडला. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या पुस्तिकेत त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग आपण भाषणांतून सांगतो तेव्हा टांगेवाल्यावर थांबतो. ते बरोबरच आहे. बॅरिस्टर झालेल्या माणसालाही टांगेवाला खालचा समजत होता, जात म्हणजे काय ते यावरून कळते. पण बाबासाहेब तिथे थांबलेले नाहीत. त्यांनी आपल्याच माणसांबद्दलही एक गोष्ट नोंदवली आहे. त्यांच्यावर रागावून नव्हे, शांतपणे. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात त्याच्या जिवाचा विचार राहून गेला, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि तो पूल? त्याला कठडा असता तर काय झाले असते, हा प्रश्न आम्ही आज विचारू इच्छितो. कारण टांगे गेले, टांगेवाले गेले, पण खानदेशातला बिनकठड्याचा पूल अजून गेलेला नाही. त्याने फक्त रूप बदलले आहे.

जळगाव शहर पाहा. ज्याला आपण अजूनही सहा नंबरचा हायवे म्हणतो आणि ज्याचा नवा क्रमांक ५३ आहे, तो नागपूर-सुरत महामार्ग या शहराच्या पोटातून जातो. शहर वाढले ते महामार्गाच्या दोन्ही अंगांना. घर इकडे, शाळा तिकडे. वस्ती इकडे, धुणीभांड्याचे काम तिकडे. इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली, आकाशवाणी चौक, प्रभात चौक ही नावे जळगावकरांना अपघाताच्या बातम्यांमुळेच जास्त पाठ आहेत. समांतर रस्त्यांसाठी या शहराने वर्षानुवर्षे मोर्चे काढले, उपोषणे केली. मग चौपदरीकरण झाले, काही ठिकाणी भुयारी मार्ग झाले, काही चौकांत मोठे गोल बांधले गेले. अवजड वाहनांसाठी पाळधी ते तरसोद असा बाह्यवळण रस्ता आखला गेला. हे सारे हवेच होते. पण या सगळ्या आराखड्यांत वाहन कसे न थांबता जाईल याचा विचार आधी होतो. माणूस कसा पलीकडे जाईल हा विचार मागाहून होतो, आणि तोही माणसे मेल्यावर.

शाळा सुटण्याच्या वेळी कोणीही या महामार्गाच्या कडेला अर्धा तास उभे राहून पाहावे. आम्ही उभे राहिलो आहोत. एक आजी नातीचे बोट धरून उभी असते. एक पाऊल पुढे टाकते, ट्रकचा भोंगा वाजतो, पाऊल मागे येते. दुचाकीवाले वाट देत नाहीत, कारवाले तर नाहीच नाहीत. शेवटी दहा-बारा माणसे जमली की त्यांचा घोळका एकदम रस्त्यात शिरतो, आणि त्या घोळक्याला घाबरून वाहने थांबतात. एकट्या माणसासाठी या रस्त्यावर कोणी थांबत नाही. संघटित झाल्याशिवाय रस्तासुद्धा ओलांडता येत नाही, हे आमच्या लोकांना वेगळे शिकवावे लागत नाही.

आता थोडा हिशेब करू. चारपदरी रस्ता दुभाजकासह साधारण अठरा-वीस मीटर भरतो. धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो, म्हणजे त्याला पंधरा-सोळा सेकंद लागतात. डोक्यावर गाठोडे असलेल्या म्हातारीला पंचवीस लागतात. ताशी साठ किलोमीटरने येणारी गाडी पंचवीस सेकंदांत चारशे मीटरहून अधिक अंतर कापते. म्हणजे म्हातारी पहिले पाऊल टाकते तेव्हा तिला मारणारी गाडी तिच्या नजरेच्या टप्प्यातही नसते. मग पोलीस पंचनाम्यात लिहितात, 'अचानक रस्त्यात आली.' ती अचानक आली नाही. ती हळू आली, गाडी अचानक आली.

हे एकट्या जळगावचे दुखणे नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज नव्वद. ही केंद्र सरकारचीच आकडेवारी आहे. यात जातीचा रकाना नाही. पण दुचाकी घेण्याचीही ऐपत नसल्यामुळे पायी चालतो कोण, महामार्गाच्या कडेला कोणाची वस्ती असते, पहाटे रस्ता झाडायला कोण उतरतो, हे आम्हाला सरकारी रकान्यावरून कळण्याची गरज नाही.

४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातील पळासनेरला, मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. किमान दहा जणांचा जीव गेला. मेलेल्यांत रस्त्याकडेला एसटीची वाट पाहणारेही होते. एसटीची वाट पाहणे हा काही गुन्हा नव्हे. पण महामार्ग आणि थांबा यांच्यामध्ये काहीच नव्हते. इथेही कठडा नव्हता.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्या शहरांत चालणाऱ्यांसाठी काहीच होत नाही असे नाही. जळगावात मेहरूण तलावाचा परिसर आहे, लांडोरखोरीचे वनउद्यान आहे. पहाटे शेकडो लोक तिथे फेऱ्या मारतात. धुळ्यात पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते झाले. झाडे, पाणी, मोकळी हवा कोणाला नको? आमचा त्याला विरोध नाही. मधुमेह आणि रक्तदाब आमच्या वस्तीतही शिरले आहेत. पण एक भेद लक्षात घ्या. जो चालण्यासाठी चालतो त्याला ट्रॅक मिळतो, जो पोटासाठी चालतो त्याला गटाराची कड मिळते. पहिला गाडीने ट्रॅकपर्यंत येतो, चार फेऱ्या मारतो आणि गाडीने घरी जातो. दुसरा रोज त्याच्या दुप्पट चालतो, पण त्याच्या चालण्याला आरोग्याचे नाव कोणी देत नाही.

हिरवी पायवाट बांधायची तर ती गोल फिरणारी नको, पोहोचवणारी हवी. वस्तीपासून शाळेपर्यंत, शाळेपासून दवाखान्यापर्यंत, दवाखान्यापासून बसस्थानकापर्यंत. नदीकाठ, नाल्याकाठ, रेल्वेलगतची पडीक पट्टी या जागा आपल्या शहरांत आहेत आणि बहुतेक ठिकाणी आपली वस्ती त्यांना लागूनच आहे. कोलंबियाच्या बोगोटा शहराने हे करून दाखवले. १९९८ ते २००० या काळात तिथले महापौर एन्रिके पेन्यालोसा यांनी गरीब वस्त्यांतून पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी लांबच लांब वाट काढली. मोटारींचे रस्ते कच्चे असलेल्या भागात आधी चालणाऱ्यांची वाट पक्की झाली. आधी कोणाचे, हा प्रश्न तिथे उलट्या टोकाने सोडवला गेला. आपल्याकडे नदीकाठ 'विकसित' करायचा म्हटले की पहिली नोटीस झोपडीला येते. पायवाट वस्तीसाठी हवी, वस्तीच्या जागेवर नको, हे आम्ही आताच सांगून ठेवतो.

फेरीवाल्याचेही तसेच. फुटपाथ मोकळे करा म्हटले की पालिकेची गाडी केळीवाल्या बाईची टोपली उचलते आणि शेजारी उभी असलेली मोटार तशीच राहते. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. ती समिती बसवा, जागा आखून द्या. चालणारा आणि विकणारा एकाच घरचे असतात, त्यांची भांडणे लावू नका.

मग हवे काय? पादचारी पूल बांधून देतो, असे उत्तर लगेच येईल. मुंबईने २००८पासून स्कायवॉक बांधले. त्यांपैकी कित्येक ओस पडले. साठीची बाई, गरोदर बाई, काठी टेकणारा माणूस दोन मजले चढणार कसा? गाडीला एक्सलेटर आहे, तिने सपाट जायचे आणि गुडघे दुखणाऱ्याने पायऱ्या चढायच्या, हा न्याय आम्हाला ओळखीचा वाटतो. वेग गाडीने कमी करावा. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात धडक बसली तर बहुतेक पादचारी वाचतात, वेग वाढतो तसे मरण वाढते. म्हणून वस्ती आणि शाळेजवळ रस्ता ओलांडण्याची जागा फुटपाथच्या पातळीइतकी उंच करावी, म्हणजे गाडीला थांबल्यासारखे व्हावेच लागते. दुभाजकात मध्ये उभे राहण्यापुरती सुरक्षित जागा ठेवावी. दिवा लावावा. सिग्नल म्हातारीच्या चालीने ठरवावा. फुटपाथला अडथळ्याविना किमान १.८ मीटर रुंदी हवी, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेले आहे.

आणि हे मागणे म्हणजे भीक नव्हे. २० मार्च १९२७ला महाडला आपण पाण्याला हात लावला तो केवळ तहान लागली म्हणून नव्हे. केरळात १९२४ साली वैकमचा सत्याग्रह झाला तो तर सरळ रस्त्यासाठीच होता, देवळाभोवतालच्या रस्त्यावरून चालण्यासाठी. गावाला येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट दाखवणे हे महाराचे वतनी काम होते. दुसऱ्याला वाट दाखवणाऱ्याला स्वतःची वाट नव्हती. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १५मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्ते हा शब्द लिहिलेला आहे. सुरक्षित फुटपाथ हा अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाने राज्यांना पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घालून दिली. त्या आदेशाचे आपल्या पालिकेत काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.

आणखी एक गोष्ट वस्तीत सांगा. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर १ एप्रिल २०२२पासूनच्या योजनेनुसार मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई आहे. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत करायचा असतो. पैशाने माणूस परत येत नाही. पण हक्काचे पैसे माहिती नसल्यामुळे बुडाले, तर तो दुसरा अपघात म्हणावा लागेल.

शेवटी थोडे आपल्याकडे पाहू. चौकात पुतळा हवा, कमान हवी, नामफलक हवा, यासाठी आपण रस्त्यावर उतरतो. उतरलेच पाहिजे. पण १४ एप्रिलला त्या पुतळ्याला हार घालायला येणारी म्हातारी तो चौक ओलांडणार कशी, हे निवेदनात लिहायचे आपण विसरतो. चाळीसगावच्या आपल्या वाडवडिलांकडून जे राहून गेले तेच आपल्याकडून राहून जात आहे. मानाचे ध्यान राहते, जिवाचे राहत नाही.

३१ जुलै १९३७ला बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात राहिले. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला हजारो लोक तिथे जातात. रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाचा. लेकरांना कडेवर घेऊन, भर पावसाळ्यात, ट्रकच्या शेजारून. धुळे शहरापासून लांडोर बंगल्यापर्यंत आठ-दहा किलोमीटरची सावलीची पायवाट व्हावी, महामार्ग ओलांडायला सुरक्षित जागा व्हावी, अशी मागणी आपण का करू नये? वर्षातून एक दिवस ती आपली, उरलेले दिवस लळिंगच्या विद्यार्थ्याची, शेतमजुराची, दूधवाल्याची. त्या वाटेवरच्या प्रत्येक पुलाला कठडा असावा, एवढे मात्र निवेदनात आठवणीने लिहा.

जयभीम.