मिक्सरखालचा टॉवेल



आपल्याकडे वाडे, गणपती, शाळा यांच्या आठवणी पुष्कळ येतात. मी आज मिक्सरबद्दल लिहितोय. हसू नका. माझं एक ठाम मत झालं आहे आणि ते माझ्याच चुकीतून झालं आहे.

आम्ही चार पिढ्यांपासून इंदूरचे. फाटकाबाहेर हिंदी, घरात मराठी. बाहेर जी 'मिक्सी', तोच घरात 'मिक्सर'. आईने जन्मभर पाट्यावर वाटलं. माझ्या लग्नानंतर, १९८१ साली, बँकेतून मिळालेल्या फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्समधून मी घरातला पहिला मिक्सर आणला. दुकानात किंमत, वॅट आणि गॅरंटी एवढंच विचारलं. वापरणारी बाजूला उभी होती, तिला काहीच विचारलं नाही. पुढचे दोन मिक्सरही असेच घेतले.

तीन वर्षांपूर्वी सौ.चं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. स्वयंपाकाला बाई ठेवली, पण रविवारचे पोहे मी करणार असं जाहीर केलं. आता इंदूरचे पोहे म्हणजे वर जीरावण हवंच, आणि आमच्याकडे ते घरीच होतं. जिरे, धणे, बडीशेप भाजून घेतली आणि त्यातच अख्खी सुंठ आणि हळकुंडं टाकून भांडं गच्च भरलं. बटण फिरवलं. दोन-तीन मिनिटं घरघर झाली, जळका वास आला आणि मिक्सर बंद.

मी काय बोललो असेन? "गेली मोटर. तू तासन्‌तास चालवतेस, कितीदा सांगितलं!" ती गप्प बसली. मी त्याच दिवशी जाऊन हजार वॅटचा नवा मिक्सर आणला.

जुना भंगारात देण्याआधी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला दाखवला. त्याने तो उलटा केला, तळाचं छोटं लाल बटण दाबलं आणि मिक्सर चालू झाला. पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "बाबूजी, इसके नीचे कुछ बिछाते हो क्या?"

बिछाते होते. मीच. दुपारी मिक्सरच्या आवाजाने माझी झोप मोडते, म्हणून काही वर्षांपूर्वी मीच त्याखाली टॉवेलची घडी घातली होती. मोटरला गार ठेवणारी हवा तळाच्या जाळीतून आत जाते. ती जाळीच मी बुजवून ठेवली होती आणि वर तिलाच बोल लावला होता.

चाळीस वर्षं मी कर्जाचे कागद उलटसुलट तपासले, पण घरातलं यंत्र एकदाही उलटं करून पाहिलं नव्हतं. मग मात्र माहितीपुस्तिका काढून वाचली आणि मिस्त्रीकडे बसून समजून घेतलं. ते लाल बटण म्हणजे ओव्हरलोडची सोय. भार वाढून मोटर तापली की वीज आपोआप तुटते. अशा वेळी मिक्सर शून्यावर आणायचा, भांडं काढून माल कमी करायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग ते बटण दाबायचं. भांड्याखाली जे प्लॅस्टिकचं वा रबराचं दातेरी चाक असतं, तो कपलर. ताण फार झाला तर आधी तो तुटतो आणि मोटर वाचते. कर्जाला जामीनदार असतो, तसा. तो स्वस्तात बदलून मिळतो. मोटरमधले कार्बनही झिजतात, तेही बदलता येतात. म्हणजे बंद पडलेला प्रत्येक मिक्सर मेलेला नसतो. हिशेबाच्या वहीत घसारा लावून वस्तू शून्यावर येते, स्वयंपाकघरात येत नाही.

निवडतानाही मोठ्या आकड्याला भुलू नका. वॅट म्हणजे मोटर किती वीज घेते ते. चटणी, कूट, वाटण एवढंच असेल तर दोन-चार माणसांना पाचशे वॅट पुरतात. वरचेवर इडली-डोशाचं पीठ किंवा कडक मसाले असतील तर साडेसातशे घ्या. आयएसआयची खूण पाहा. सुटे भाग गावात मिळतात का, ते विचारा. आणि सगळ्यात लहान भांडं आधी हातात घ्या. आमच्या हजार वॅटवाल्याचं लहान भांडंसुद्धा एवढं मोठं की दोघांपुरती चटणी भिंतींना चिकटून बसते आणि पातं मधल्यामध्ये रिकामं फिरतं. सौ. दुकानात असती तर हे तिने झाकण उघडताच सांगितलं असतं.

निगा साधी आहे. भांडं अर्ध्यापेक्षा फार भरू नये. हळकुंड, सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्यावी. मिनिटभर फिरवून थांबावं. कढत सार झाकण लावून फिरवू नये, वाफेने झाकण उडतं. वापरून झाल्यावर भांड्यात थोडं पाणी आणि साबणाचा थेंब घालून क्षणभर फिरवावं, धुवावं आणि उपडं वाळवावं. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं तर पात्याखालचा भाग गंजतो आणि भांडं गळायला लागतं.

'सुमीत' मिक्सर आपल्यापैकी अनेकांच्या घरी होता. तो बनवणारे सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर होते. घरातला परदेशी मिक्सर आपल्या वाटणाला टिकेना, ही पत्नीची अडचण त्यांनी ऐकली आणि भारतीय स्वयंपाकाला पुरेल असं यंत्र केलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी भाषण दिलं.

म्हणून माझं मत असं: मिक्सर वापरणाऱ्याने निवडावा, आणि त्याची निगा चटणी खाणाऱ्या प्रत्येकाला यायला हवी. त्या संध्याकाळी मी सौ.ला टॉवेलचं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी वाटताना काढत असे आणि झाल्यावर परत घालत असे. नाहीतर तुम्ही पुन्हा कुरकुरला असता."

त्या दिवशी तो काढणारं कोणी नव्हतं, एवढंच.

हजार वॅटवाला आता माळ्यावर आहे, जुनाच चालतो. दुपारी आवाज येतो. येऊ दे.

तुमच्या घरी पहिला मिक्सर कधी आला आणि तो कोणी निवडला, जरूर लिहा.