सिंहासनापुढचे गाणे आणि आपले मागणे

पिंपरी-चिंचवड, भोसरी ते चाकण या पट्ट्यातील ख्रिस्ती उपासनेविषयी लिहावयाचे तर आरंभ गुरुवारापासून करावा लागतो. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. रविवारी सकाळी मंडळी चर्चमध्ये जमते तेव्हा पहिल्या पाळीचा कामगार यंत्रापुढे उभा असतो आणि रात्रपाळीचा नुकता कुठे अंथरुणाला पाठ टेकत असतो. अशा माणसाने प्रकटीकरणाचा चौथा अध्याय उघडला आणि सिंहासनाभोवतीचे चार प्राणी अहोरात्र, क्षणाचीही विश्रांती न घेता स्तवन करतात असे वाचले, तर त्याने काय समजावे? स्वर्गातही तीन पाळ्या आहेत की काय, हा विनोद आम्ही ऐकलेला आहे, आणि तो करणाऱ्यास अश्रद्ध ठरवण्याची आम्हांस मुळीच घाई नाही. प्रश्न रास्त आहे. ज्या स्तुतीला खंड नाही ती वेठबिगारी का नव्हे?

याचे उत्तर त्या गाण्यांतच शोधले पाहिजे. चौथ्या व पाचव्या अध्यायांत मिळून पाच स्तवने आहेत. प्रथम चार प्राणी गातात, मग चोवीस वडील, मग दोघे मिळून, मग असंख्य देवदूत आणि शेवटी आकाश, पृथ्वी व समुद्र यांतील यच्चयावत सृष्टी. गाणाऱ्यांचे वर्तुळ असे रुंदावत जाते. पण या पाचांपैकी एकाही स्तवनात मागणे नाही. पाचव्या अध्यायात कोकऱ्याला अर्पण केलेल्या सात गोष्टींत धनाचाही समावेश आहे. धन तेथे देवाकडून मागितलेले नाही, देवाला वाहिलेले आहे. या एका तपशिलावर आमच्या मंडळींतून एखादे प्रवचन झालेले आम्हांस तरी आठवत नाही.

उलट, येथील भाड्याच्या सभागृहांतून आणि पत्र्याच्या शेडांतून जे ऐकू येते त्याचा सूर बहुधा निराळा असतो. आधी स्तुती करा, मग आशीर्वाद उतरेल. नोकरी कायम होईल, कर्ज फिटेल, घर होईल. म्हणजे स्तुती हा आगाऊ भरलेला हप्ता झाला! ठेकेदारामार्फत लागलेल्या एखाद्या तरुणाचे काम सुटले की त्याच्या घरच्यांना ‘तुमची स्तुती कमी पडली’ असे सांगण्यात येते, हेही आमच्या कानांवर आलेले आहे. हे नुसते चुकीचे नव्हे, निर्दय आहे. ज्याची रोजी गेली त्याच्या माथी हा अपराध मारण्यास शास्त्राचा कोणता आधार आहे?

त्याच शास्त्रात सहाव्या अध्यायात वेदीखाली वधलेल्यांचे आत्मे मोठ्याने विचारतात की न्याय होण्यास आणखी किती काळ लागणार. ही तक्रारच आहे, आणि ती स्वर्गात, सिंहासनाच्या समक्ष चाललेली आहे. तिला कोणी गप्प करीत नाही; त्यांना शुभ्र झगे दिले जातात आणि आणखी थोडा काळ थांबण्यास सांगितले जाते. पाचव्या अध्यायात वडिलांच्या हातांत धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या आहेत, त्या संतांच्या प्रार्थना होत. म्हणजे मागण्याला आणि रडण्याला तेथे मज्जाव नाही. स्तुती ही त्यांची किंमत नव्हे, एवढेच. देहू-आळंदीच्या शेजारी राहणाऱ्यांना हे परके वाटू नये. विठोबाशी भांडणारे तुकोबा त्याची स्तुतीही तितक्याच जोराने करतात, आणि एकीसाठी दुसरे सोडीत नाहीत.

येथे कोणी म्हणेल की आमचा रोख ढोल, गिटार आणि ध्वनिक्षेपकांवर आहे. तसे नाही. योहानाने ऐकलेले गायन अनेक जलांच्या घोषासारखे, मेघगर्जनेसारखे होते. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जी जागृती झाली, तीत शेकडो मुली व स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत. त्यांतील कित्येक दुष्काळातून वाचलेल्या होत्या. त्या गलबल्यात पश्चात्ताप होता, तो सौदा नव्हता. तेव्हा आवाज हा दोष नव्हे.

चोवीस वडील आपले मुकुट काढून सिंहासनापुढे टाकतात. योहानाच्या काळी या कृतीचा अर्थ कोणासही कळला असता, इ. स. 63 मध्ये आर्मेनियाच्या तिरिदातेसाने आपला मुकुट नीरोच्या पुतळ्यापुढे ठेवला होता. पात्म बेटावरच्या त्या माणसाने तोच विधी रोमच्या सम्राटाकडून काढून घेऊन देवाकडे वळवला. स्तुती कोणाची करावी हा प्रश्न तेव्हा जिवावरचा होता. ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना सारखेच स्थान ठेवले. दरबार हा शब्द मोठा मार्मिक आहे. दरबारात आपण सहसा अर्ज घेऊन जातो. योहानाच्या दरबारात ज्यांच्या डोक्यावर मुकुट आहेत तेच ते उतरवीत आहेत. आमच्या मंडळ्यांतील पंचांनी आणि पाळकांनी, व्यासपीठावरील पहिल्या रांगेच्या खुर्च्यांविषयी बोलताना, हे दृश्य आठवावे.

आणि वेठबिगारीचे काय? वेठ म्हणजे दुसऱ्याच्या लाभासाठी नाइलाजाने केलेले काम. त्या प्राण्यांना कोणी हुकूम दिल्याचे योहान लिहीत नाही. ते समोर पाहतात आणि बोलतात, त्यांना सर्वांगी डोळेच आहेत. शिवाय ते स्तवन थांबतही असावे. आठव्या अध्यायाच्या आरंभी सातवा शिक्का फुटताच स्वर्गात सुमारे अर्धा तास निःशब्दता पसरते. त्या निःशब्दतेनंतरच संतांच्या प्रार्थना धूपाबरोबर वर जातात. आमच्या सभांतून अर्धा मिनिटही कोणी गप्प बसत नाही. वादक सूर धरूनच ठेवतात.

रात्रपाळीहून आलेल्या माणसाला ती अर्ध्या तासाची शांतता हवी असते. त्याच्यासाठी मुख्य उपासना गुरुवारी सकाळी ठेवण्यास कोणत्या मंडळीची हरकत आहे, हे आम्हांस जाणून घ्यावयाचे आहे.